पांढरा प्लग

अक्कलकोट रोडवर, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे
येझदीनं अचानक जीव सोडला.
बंद नाही पडली. पडली असती तर बरं,
ढकलत नेली असती, कुणी हळहळलं तरी असतं.
ही चालू होती, आवाज देत होती,
फक्त ओढत नव्हती.
मूठ पिळली तरी आतून कुणी ओ देईना,
आणि सिलिंडरचा टेंपो
हॉर्नसुद्धा न वाजवता मला ओलांडून गेला.

लिंबाखाली थांबलो, एक विडी.
मग किक. ज्या दांडीनं किक त्याच दांडीनं गिअर,
आणि पुन्हा चौऱ्याऐंशी सालातली कोरी करकरीत.
चार-पाच किलोमीटर.
मग परत तेच.

मी जॉबर. सत्तावीस वर्षं मागांमध्ये उभा.
चाळीस माग धडधडत असताना
कितव्या नंबरचा धोटा घासतोय
हे दारातून सांगतो, चप्पल काढायच्या आधी.
स्वतःच्या गाडीपुढं मात्र
आठवडाभर बहिरा.

प्लग बदलला. जुना पांढराफटक निघाला,
तो खिशात टाकला, विचार केला नाही.
कार्बोरेटरचा जेट तोंडानं फुंकला,
दोन दिवस भाकरीला पेट्रोलची चव.
पॉइंट घासले, कंडेन्सर नवा,
सायलेन्सरची नळी भट्टीत लाल करून काजळी झाडली.
नागमणी म्हणाली, तुम्ही जेवायला
घरात बसणार का गॅरेजात, तेवढं सांगा.

शेवटी जोडभावी पेठ. दस्तगीर नदाफ.
त्यानं पान्याला हात लावला नाही.
"टाकी भरलेली असली की लवकर बसते, का रिकामी असली की?"
भरलेली असली की. मला वाटलं, वजनानं.
"आणि उठते कधी?"
एक विडी संपेपर्यंत.
"प्लग?"
खिशातून काढून दिला.
"पांढरा. म्हणजे उपाशी आहे बे ही."
टाकी फुल्ल आहे, मी म्हणालो.
"असंल की. ताटात असलं म्हणून पोटात जातंय काय?"

मागं बसला. मार्केट यार्ड सोडून
हैदराबाद रोडला लागलो,
आणि ठरल्यासारखी मूठ मेली.
"थांबू नको," कानाशी ओरडला, "टोपण उघड!"
चालत्या गाडीवर, डाव्या हातानं, फिरवलं.

फुस्स.

रडून थकलेलं पोर घेतं तसा
एक हुंदका टाकीच्या आत गेला,
आणि येझदी मांड्यांखालून अशी सुटली
की दस्तगीर माझा सदरा धरून
पडता पडता हसत सुटला.

टोपणाला एक भोक असतं, खसखशीएवढं.
पेट्रोल खाली उतरायचं
तर वरून तेवढीच हवा आत यावी लागते.
ते बुजलं होतं. कापसानं.
रोज पाळी सुटली की मागावरच्या वेस्टच्या बोळ्यानं
मी टाकी पुसतो, टोपण तर दोनदा,
तोंड दिसेपर्यंत.
तंतूवर तंतू, त्यावर ऑइलचा हात, त्यावर सोलापूरची धूळ.
बारा वर्षांच्या मायेची
वात होऊन बसली होती तिथं.

"टोकदार काय आहे का खिशात?"
वही भरायची हुक होती. कायमच असते.
तिनंच त्यानं तो बोळा ओढून काढला,
नखावर ठेवून उन्हात धरला.
"आजा पिंजायचा हे माझा," म्हणाला,
"गाद्या भरायचा. तू टाकी भरलीस."

पैसे घेतले नाहीत. भोकाचे कसले पैसे.
चहा घेतला, भजी दोन प्लेट,
आणि पांढरा प्लग ठेवून घेतला,
पोरांना दाखवायला.

संध्याकाळी सवयीनं बोळा हातात आला.
टाकी पुसली, मडगार्ड, हेडलाइटची कड,
टोपणापाशी येऊन हात वळून गेला.
"तेवढंच मळकं का ठेवलं?" दारातून नागमणी.
असू दे, म्हटलं,
आणि किक आत दुमडली.